‘तुमच्या बागेतली मेथी’: परसबागेतून जीवनकौशल्ये शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे आहे. गाव, शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही बारकावे बदलले आहेत. शाळा पहिली ते सातवीची. सहावी आणि सातवीचे वर्ग माझ्याकडे होते आणि दोन्ही मिळून 23 मुले-मुली होती. गावातली शेती बहुतेक जिरायती आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्या मुलांना सांभाळायला घरी आजी-आजोबा असतात किंवा ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय होते, ती मागे राहतात. बाकीची आईवडिलांबरोबर जातात. या गावात शाळेचे कोणतेही काम आखताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते आणि परसबाग आखताना नेमकी तीच माझ्याकडून सुटली होती.

शाळेच्या स्वयंपाकगृहामागे सुमारे एक गुंठा मोकळी जागा आहे. मूळ जमीन मुरमाड आहे, पण ग्रामपंचायतीने तलावातला गाळ आणून टाकल्यामुळे वर वीतभर काळी माती झाली होती. शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना 2019 मध्ये आल्या होत्या आणि तालुक्यातल्या अनेक शाळांप्रमाणे आमच्याकडेही परसबाग करायचे ठरले. पहिल्या वर्षी मी ती मनापासून केली. वाफे मी आखले, बियाणे मी आणले, कुठे काय लावायचे तेही मीच ठरवले. मुलांनी खुरपले, पाणी घातले. ऑक्टोबरमध्ये बाग हिरवीगार होती, तिची छायाचित्रे काढून वरच्या कार्यालयाला पाठवली आणि दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी सहावीतली एक मुलगी धावत फाटकाशी आली आणि म्हणाली, “सर, तुमच्या बागेतली मेथी शेळ्यांनी खाल्ली.” तिला खरोखर वाईट वाटले होते, ते माझ्यासाठी. ‘तुमच्या’ हा शब्द तिने कोणताही हेतू न ठेवता, जसे होते तसे सांगावे इतक्या सहजपणे वापरला होता. त्या एका शब्दामुळे मला पुढच्या वर्षीचा सगळा विचार नव्याने करावा लागला.

प्रश्न नेमका कोणता होता

आमच्या वर्गाच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांचा तक्ता आहे. स्व-जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, परिणामकारक संप्रेषण, आंतरव्यक्ती संबंध, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांचे समायोजन आणि ताणतणावाचे समायोजन ही दहाही नावे माझी मुले न थांबता म्हणून दाखवत. त्याच वर्षी एका मधल्या सुट्टीत पाण्याचा पाइप वाफ्यातून सरकला आणि पाणी वाटेवर वाहत राहिले. मी खिडकीतून पाहत होतो. सुट्टी संपेपर्यंत मुले त्या ओघळावरून उड्या मारून गेली, पण पाइप कोणीही उचलून वाफ्यात ठेवला नाही. ती आळशी नव्हती. घरी हीच मुले पहाटे उठून पाणी भरतात, कापूस वेचतात, जनावरे वळवतात. पाइप नीट करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

त्यामुळे आमचा प्रश्न शहरातल्या शाळांपेक्षा वेगळा होता. तिथल्या मुलांना मातीत हात घालण्याची सवय लावावी लागते. इथल्या मुलांना शेतीचे काम माझ्यापेक्षा चांगले येत होते. घरी निर्णय वडील घेतात, शाळेत शिक्षक घेतात आणि मुलांच्या वाट्याला दोन्हीकडे सांगितलेले करणेच येते. ठरवणे, ठरवलेले चुकले तर ते निस्तरणे आणि निस्तरताना एकमेकांशी भांडण न होऊ देणे, यांतले काहीच बागेतून त्यांच्या वाट्याला आले नव्हते. बाग चांगली आली होती, शिकवणे मात्र झाले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका जाणत्या शेतकरी पालकांकडे बाग सोपवायची, ठिबक बसवायचे, कुंपण घालायचे आणि मुलांनी फक्त निरीक्षण करायचे. पोषण आहाराला भाजी नक्की मिळाली असती. दुसरा पर्याय वर्गवार वाफ्यांचा होता. त्यात नियोजन शिक्षकाचे आणि राबणूक मुलांची, म्हणजे पहिल्या वर्षाचीच थोडी सुधारलेली आवृत्ती. तिसरा पर्याय होता गोण्या आणि जुन्या डब्यांतल्या बागेचा. त्यात पाणी कमी लागते, शेळ्यांचा त्रास नाही आणि प्रत्येक मुलाचे स्वतःचे रोप असते. हा पर्याय मी बराच वेळ मनात घोळवला, पण ज्याची गोणी त्याचीच झाली की दुसऱ्याशी बोलण्याची, वाटून घेण्याची गरजच उरत नाही, म्हणून मोठ्या वर्गांसाठी तो बाजूला ठेवला. चौथा पर्याय असा की चार-पाच मुलांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक वाफा आणि थोडे पैसे द्यायचे आणि काय पेरायचे इथपासून पुढचे सगळे त्यांनाच ठरवू द्यायचे. यात बाग फसण्याची शक्यता सर्वांत जास्त होती.

जूनमधल्या पालकसभेत मी चौथा पर्याय मांडला. एक वडील उठून म्हणाले, “आम्ही कोयता धरला तो पोरांनी धरू नये म्हणून शाळेत घातलंय. हितं पण खुरपंच देणार का?” सभा शांत झाली. या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते आणि ते असायलाही नको होते, कारण आक्षेप खरा आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, कल्पना मांडली, तेव्हाही मुलांच्या उत्पादक कामातून शाळेचा खर्च काढावा का, यावर वाद झाला होता. काम शिक्षणासाठी आहे की शिक्षणाच्या नावाखाली काम करून घेतले जाते आहे, याची सीमारेषा कोणी आखून देत नाही. ती प्रत्येक शाळेला स्वतःच आखावी लागते.

आम्ही ती त्याच सभेत आखली आणि इतिवृत्तात लिहून घेतली. बागकाम आठवड्यातल्या कार्यानुभवाच्या तासांतच होईल, त्याखेरीज फक्त पाण्याची पाळी मधल्या सुट्टीत दहा मिनिटे. खोदाईसारखे जड काम मुले करणार नाहीत, ते पालकांच्या श्रमदानातून होईल. आणि बागेत कोणालाही शिक्षा म्हणून पाठवले जाणार नाही. प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनी एवढ्यावर होकार दिला नाही, पण विरोधही केला नाही.

काय केले

तेवीस मुलांचे पाच गट केले, तीन गट पाच-पाचांचे आणि दोन चार-चारांचे. गट मी पाडले आणि मुद्दाम मिसळून पाडले, कारण मुलांवर सोडले असते तर ते वस्तीनुसार पडले असते. प्रत्येक गटाला दहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा मिळाली. रुंदी चार फूट ठेवण्याचे कारण असे की दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. बियाण्यासाठी गटाला साठ रुपये दिले. आठवडे बाजाराच्या दिवशी मुलांनी स्वतः कृषी सेवा केंद्रात जाऊन भाव विचारले, पुड्यांवरच्या तारखा वाचल्या आणि कोथिंबिरीसाठी पुडी न घेता घरचे धणे भरडून वापरायचे दोन गटांनी ठरवले. जेवणानंतर हात धुण्याचे पाणी वाया जात होते, ते वीट-सिमेंटच्या लहान पाटातून बागेकडे वळवले.

प्रत्येक वाफ्याची एक वही केली. तिच्यात तारखेनुसार तीनच गोष्टी लिहायच्या: काय ठरले, का ठरले आणि काय झाले. ‘कोणी ठरवले’ हा रकाना मी सुरुवातीला घातला होता, तो दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकला. तो का काढला, ते पुढच्या प्रसंगातून कळेल.

निर्णयाचे क्षण: बुडालेली मेथी

जुलैच्या मध्यावर तिसऱ्या गटाने सपाट वाफ्यात मेथी फेकून पेरली. शेजारच्या गटातल्या एका मुलीला तिच्या आजीने सांगितले होते की गाळाच्या मातीत पाणी धरून राहते, वाफा उचलून घ्या. त्यामुळे त्या गटाने वीतभर उंचीचा गादीवाफा केला होता. मला दोन्ही वाफे दिसत होते आणि आठवडाभरात मोठा पाऊस झाला तर काय होणार, तेही दिसत होते. मी बोललो नाही.

पाऊस झाला. माती तीन दिवस वाफशावर आली नाही, म्हणजे जास्तीचे पाणी निथरले नाही; मेथी पिवळी पडली आणि बुडाशी कुजून आडवी झाली. गटात भांडण पेटले. ज्या मुलाने सपाट वाफ्याचा आग्रह धरला होता, त्याच्या नावाचा रकाना वहीत उघडा होता आणि चौघेही त्यावर बोट ठेवून उभे होते. तो मुलगा रडला नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तेव्हा मला कळले की नोंद मी दोष चिकटवण्याच्या पद्धतीने ठेवली आहे. रकाना काढला. मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि पुढच्या तासाला गटाला एवढेच विचारले की वाफ्यात काय दिसले. मग त्यांनीच शेजारच्या वाफ्यात काडी खोचून ओल किती खोलवर आहे ते पाहिले, आपल्यातही पाहिले आणि उरलेल्या वीस रुपयांत पुन्हा मेथी घेऊन गादीवाफ्यावर पेरली.

मी गप्प बसलो ते योग्य होते का, याचा विचार मी अजूनही करतो. मेथीपुरते ते योग्य होते असे माझे मत झाले आहे. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत हाती येते, बियाणे स्वस्त असते आणि चूक झाली तर उत्तर महिन्याच्या आत मिळते. त्यातून पुन्हा पेरायला वेळ उरतो. वांग्याचे रोप चार-पाच आठवड्यांचे झाल्यावर लावायचे आणि पुढे आणखी दोन महिने थांबायचे. तिथे मुलांना चुकू देणे म्हणजे सबंध सत्र निराशेत घालवणे. म्हणून पुढे मी एक गोष्ट पक्की केली. पहिल्या फेरीत मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा एवढेच, आणि फळभाज्या दुसऱ्या फेरीत. पिकांची निवड चवीवरून किंवा पोषणमूल्यावरून करावी असे सांगतात. चुकीचे उत्तर किती दिवसांत मिळते, यावरूनही ती करावी, हे मला या मेथीने शिकवले.

निर्णयाचे क्षण: दप्तरातली बाटली

सप्टेंबरमध्ये चवळीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने दप्तरातून घरातली कीटकनाशकाची अर्धी बाटली काढली. त्याच्या दृष्टीने त्याने समस्या सोडवली होती. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. मी ती त्याच्या हातातून घेतली, त्याचे हात साबणाने धुऊन घेतले आणि संध्याकाळी ती त्याच्या वडिलांकडे पोचवली.

इथे मी मुलांना निवडीला वाव दिला नाही. कोणते निर्णय मुलांचे आणि कोणते मोठ्यांचे, हे आधीच स्पष्ट करायला हवे होते, ते मी प्रसंग आल्यावर केले. त्या तासाला आम्ही बाटल्यांवरच्या त्रिकोणांचे रंग समजून घेतले. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. घरी औषध कुठे ठेवले आहे ते लांबूनच पाहून यायला सांगितले. दोन घरांत ते धान्याच्या कोठीशेजारी होते. मग पाच टक्के निंबोळी अर्क केला: अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर पाणी केले आणि थोडा साबणचुरा घातला. मावा पहिल्या फवारणीत गेला नाही, आठवड्याने दुसरी करावी लागली. बाटली आणणारा मुलगा फवारणीत सर्वांत पुढे होता. त्याला वर्गासमोर रागावलो नाही, हे त्या दिवशी मी बरोबर केले.

निर्णयाचे क्षण: शिक्षा आणि झाडू

याच महिन्यात एका सहकाऱ्याने उशिरा आलेल्या मुलाला गवत उपटायला बागेत पाठवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पालकसभेत दिलेला शब्द मोडला होता आणि तो मुलगा ज्या गटात होता त्या गटाने पुढच्या तासाला वाफ्याकडे जायला नकार दिला. “तिथं चुकलेली पोरं जातात,” असे कारण त्यांनी दिले. त्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. सहकाऱ्याने ते मान्य केले आणि गटाशी स्वतः जाऊन बोलले. शिक्षकाने चूक कबूल करणे मुलांनी त्या दिवशी पाहिले. तक्त्यावरच्या दहांपैकी ते कोणते कौशल्य, हे मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर मुलांच्या वहीत ‘आमचे चुकले’ हे शब्द सहज येऊ लागले.

वह्या वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाचही गटांत बाग झाडणे आणि पाणी वाहणे मुलींकडे होते, तर खुरपे आणि फवारणीचा पंप मुलांकडे. हे कोणी ठरवलेले नव्हते, घरून चालत आले होते. मी थेट नियम न करता मुलांना महिनाभराच्या नोंदींतून कोणते काम कोणी किती वेळा केले, ते मोजायला सांगितले. फळ्यावर आकडे आल्यावर एका मुलीने विचारले, “मग पंप आम्हाला कधी?” त्यानंतर पाळ्या लागल्या. त्या टिकल्या असे मी म्हणणार नाही. दोन गटांत टिकल्या, बाकीच्यांत पुन्हा पुन्हा आठवण द्यावी लागली.

निर्णयाचे क्षण: जाणारे आणि राहणारे

दिवाळी जवळ आली तशी गटांत अस्वस्थता दिसू लागली. सहा मुले ऊसतोडीला जाणार होती. चौथ्या गटातून तिघे जाणार असल्याने मागे एक मुलगा आणि एक मुलगी एवढीच उरणार होती. मला वाटले की हा गट शेजारच्या गटात मिसळून टाकावा. मी तसे सुचवले, तर राहणाऱ्या दोघांनी नको म्हटले. त्यांचे म्हणणे असे की वाफा दुसऱ्यांचा झाला तर परत आल्यावर त्या तिघांना काहीच उरणार नाही. वर्गात यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरले की वाफा त्यांचाच राहील, पाण्याच्या पाळीत इतर गट एकेक दिवस देतील आणि जाणारा प्रत्येक जण वहीत निरोपाचे एक पान लिहून जाईल.

ती पाने मी जपून ठेवली आहेत. एकात लिहिले आहे, ‘कोपऱ्यातली दोन वांगी कमजोर आहेत, त्यांना राख टाका. पाणी बुडाला द्या, पानावर नको.’ त्याच मुलाने जाण्याच्या आदल्या दिवशी वाफ्याच्या कडेने लसणाच्या पाकळ्या टोकल्या. लसूण चार-पाच महिन्यांनी निघतो, म्हणजे आपण परत येऊ तेव्हा, हा त्याचा हिशोब होता. मी त्याला हे सुचवले नव्हते. सुट्टीत शेळ्या येऊ नयेत म्हणून बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण मात्र या वेळी पालकांनी घातले.

परिणाम

पोषण आहाराच्या दृष्टीने बाग लहानच होती. एक गुंठ्यातल्या पाच वाफ्यांतून सगळ्या शाळेला रोज भाजी मिळणे शक्य नव्हते आणि पहिल्या काढणीनंतर मुलांनी स्वयंपाकाच्या मावशींबरोबर जुड्या मोजल्या, तेव्हा ते त्यांच्याही लक्षात आले. पंधरवड्यातून एकदा सगळ्यांच्या खिचडीत बागेची भाजी घालायची आणि उरलेली गावात विकून पुढच्या बियाण्याचे पैसे काढायचे, असे त्यांनी ठरवले. जमाखर्च समितीच्या बैठकीत मुलांनीच वाचून दाखवला. जानेवारीत बोअरचे पाणी खाली गेले, तेव्हा कोणता वाफा सोडायचा हेही त्यांनीच ठरवले. पालकाचा वाफा सोडला, वांगी आणि लसूण राखला.

हजेरी किंवा गुण वाढले असा दावा मी करणार नाही, कारण ते बागेमुळे झाले का हे सांगण्याजोगे माझ्याकडे काही नाही. मी जे पाहिले ते एवढेच की फेब्रुवारीतल्या एका मधल्या सुट्टीत पाट तुंबला आणि पाणी वाटेवर आले, तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने हाक मारली आणि कोणत्या वाफ्याची पाळी आहे हे न विचारता तीन मुले कचरा काढायला वाकली.

पालकसभेत प्रश्न विचारणाऱ्या वडिलांचे मत बदलले का, हे मला ठाऊक नाही. ते ऊसतोडीला गेले होते. एप्रिलमध्ये आले तेव्हा मुलीने लसणाची जुडी दाखवली, ती त्यांनी हातात घेऊन पाहिली आणि भाव विचारला.

काय वेगळे करता आले असते

कीटकनाशक, विळा-कुऱ्हाड आणि विहिरीजवळ जाणे हे निर्णय मोठ्यांचे, हे पहिल्याच तासाला सांगायला हवे होते. गट पाडताना कोण ऊसतोडीला जाणार, याची चौकशी मी आधी केली नाही; केली असती तर एकाच गटातून तिघे गेले नसते. लहान वर्गांना गोण्यांतली बाग आम्ही जानेवारीत दिली, ती जूनमध्येच द्यायला हवी होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, त्यांतले दोन-तीन दिवस पेरणी आणि काढणीच्या वेळेशी जुळवले असते तर चाळीस मिनिटांच्या तासात जी घाई होत असे ती झाली नसती.

सर्वांत मोठी उणीव जाणाऱ्या मुलांबाबत राहिली. त्यांच्या वाफ्याचा विचार आम्ही केला, त्यांचा केला नाही. लसूण लावून गेलेला मुलगा एप्रिलमध्ये परतला. जुड्या मोजून झाल्यावर त्याने सांगितले की कारखान्याच्या तळावर कोपीशेजारी, म्हणजे राहत्या झोपडीशेजारी, त्याने तेलाच्या रिकाम्या डब्याभोवतीची जागा मोकळी करून मूठभर मेथी टाकली होती. ती उगवली, पण खुडायच्या आधी टोळीचा तळ हलला. यंदा दिवाळीला जाणाऱ्या प्रत्येकाला बियांची पुडी आणि सिमेंटची एक रिकामी, अर्धी कापलेली गोणी द्यायची असे ठरले आहे. गोणीत पेरले तर तळ हलताना ती ट्रॅक्टरवर चढवता येते, ही सूचना त्याचीच.